सिग्नलला एसी गरम पडतो तो गॅसमुळेच?

आमच्या डिचोलीच्या मामांनी परवा घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. "गाडी थांबली की एसी गरम, चालू लागली की थंड, म्हणजे गॅस संपत आला. दरवर्षी उन्हाळ्याआधी गॅस भरा. फॅन डायरेक्ट करून घ्या. गोव्यात थंडी नाही, थर्मोस्टॅट काढून टाका. इंजिन बंद केल्यावरही फॅन फिरला तर बिघाड समजा." हाच मेसेज त्याआधी मला आणखी तिघांनी पाठवला होता. त्यातल्या पहिल्या वाक्यापायी माझे पैसे दोनदा गेलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पर्वरीच्या कोंडीत उभा असलो की माझ्या गाडीत भट्टी पेटायची. अटल सेतूवर चढून जरा वेग घेतला की दोन मिनिटांत गारवा. आता गॅसच नसेल तर पुलावर तो येतो कुठून? एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात असतो. आतली उष्णता तो बाहेर टाकतो, पण त्यासाठी त्याच्यातून वारा जायला हवा. गाडी पळत असताना वारा आपोआप मिळतो. उभी असताना तो फक्त फॅन देतो. फॅन बंद असला की गॅसचा दाब चढत जातो आणि प्रेशर स्विच कॉम्प्रेसरच, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंपच, बंद करून टाकतो. अशा वेळी वर आणखी गॅस कोंबला तर दाब वाढेल की कमी होईल?

एक कबूल करतो. गॅस खरोखर कमी असला तरी उभ्या गाडीत गारवा थोडा उतरतो, कारण रेस न देता इंजिन नुसते चालू असताना कॉम्प्रेसर हळू फिरतो. फरक ओळखायचा असेल तर गाडी उभी ठेवूनच थोडी रेस द्या. गारवा वाढला तर संशय गॅसवर किंवा कॉम्प्रेसरवर. काहीच फरक नाही, उलट हवा आणखी गरम, तर पुढे जाऊन फॅन बघा. आमचे जुने फिटर अजून सोपे करतात: काट्याने इंजिन तापल्याचे दाखवलेले नसेल तर बाहेरून कंडेन्सरवर तांब्याने हळूहळू पाणी सोडतात. तेवढ्याने आत गार हवा आली की समजायचे, कमी आहे तो वारा.

मला हे फोंड्याच्या एका इलेक्ट्रिशियनने दाखवले, तेही दोनदा गॅस भरून झाल्यावर. बॉनेट उघडून त्याने एसी लावायला सांगितला. फॅन ढिम्म. फ्यूज शाबूत होता. मग त्याने हॉर्नचा रिले, म्हणजे करंट चालू-बंद करणारी छोटी डबी, उपटला, पिना जुळतात का ते पाहिले आणि फॅनच्या जागी बसवला. हॉर्न मुका झाला, फॅन गरगरला. जुन्या रिलेचे पाय हिरवट पडले होते. आपल्याकडची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, दुसरे काय! रिलेने भागले नसते तर पुढचा नंबर कनेक्टर, अर्थिंग आणि मोटरच्या कार्बन ब्रशचा होता. दोन वेगांचा फॅन असेल तर रेझिस्टरही जळतो. आणि मामांकडे खाणपट्ट्यातला तांबडा धुरळा कंडेन्सरच्या पात्यांत बसतो. तिथे फॅन ठणठणीत असूनही वारा जात नाही.

दरवर्षी गॅस भरायचे म्हणाल, तर गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. नळ्यांतून वर्षानुवर्षांत किंचित झिरपतो तेवढाच. दर उन्हाळ्यात भरावा लागतो म्हणजे कुठेतरी गळती आहे. ती आधी शोधा, मग व्हॅक्यूम करून, बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेत तेवढेच ग्रॅम भरा. "हाताला गार लागेपर्यंत" हे माप नव्हे.

फॅन डायरेक्ट करणे, म्हणजे रिले वगळून थेट बॅटरीला जोडणे, ही चोर्ला घाटात अडकल्यावर घरी पोहोचण्यापुरती युक्ती. कायमची केलीत तर मोटर विनाकारण झिजते, आणि फ्यूज न घालता ओढलेली वायर वितळते ती वेगळीच.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. त्याचा बाहेरच्या थंडीशी संबंध लावणाऱ्याला तर हात जोडावेत. बाहेर ३० अंश असोत की ३५, इंजिनाला ९० च्या आसपास लागतात. तो काढला तर इंजिन नीट तापायला वेळ लागतो आणि पेट्रोल जास्त खाते. गाडी तापत असेल तर कूलंटची पातळी, रेडिएटरची कॅप आणि फॅन बघायचा, थर्मोस्टॅट अडकला असेल तर नवा टाकायचा. आणि गरम असताना कॅप उघडायची नाही. आत दाबाखाली असल्याने शंभराच्या वर जाऊनही न उकळलेले पाणी झाकण सैल होताच अंगावर उसळते.

राहिला इंजिन बंद झाल्यावर फिरणारा फॅन. बऱ्याच गाड्यांत तो तसाच बनवलेला असतो; साठलेली उष्णता काढून काही मिनिटांत थांबतो. तासाभराने फिरतच असेल तर मात्र बहुधा रिले चिकटलाय, सकाळी बॅटरी उतरलेली सापडेल. मामा, तुम्ही बॉनेट उघडून जवळ वाकून बघता म्हणून सांगतो: किल्ली खिशात असली तरी तापलेल्या इंजिनाजवळ पात्यांत बोट घालू नका, तो न सांगता सुरू होतो.