थप्पड नव्हे, त्यानंतरचे चेहरे

'इन द हीट ऑफ द नाइट' या अमेरिकी चित्रपटात (१९६७) काळ्या डिटेक्टिव्हच्या भूमिकेतला सिडनी पॉटिए त्याला थप्पड मारणाऱ्या गोऱ्या मळेवाल्याला उलट थप्पड मारतो, तोच त्या प्रसंगाचा कळस, हे या चित्रपटावरच्या लेखातलं म्हणणं पटलं नाही. खरा प्रसंग तिथून सुरू होतो. आता काय करणार, असं मळेवाला डिटेक्टिव्हसोबत आलेल्या गोऱ्या पोलीसप्रमुखाला विचारतो आणि त्याला उत्तरच सुचत नाही. ते दोघे निघून गेल्यावर तो म्हातारा मळेवाला चक्क रडतो. वर्णद्वेष्ट्याचा राग सगळेच दाखवतात, पायाखालची जमीन सरकल्याचं हे रडू फार थोड्यांनी दाखवलंय.

आणि सरबताचा ट्रे धरून उभा असलेला तो काळा नोकर? त्याचा लेखात उल्लेखही नाही! कॉलेजात असताना थपडेला मीही टाळ्या वाजवल्या होत्या. गेल्या वर्षी बाबांबरोबर पुन्हा पाहिला, तर त्यांची नजर त्या नोकरावरच. म्हणाले, "हे दोघे गाडीत बसून जातील गं, याला संध्याकाळी इथंच जेवण वाढायचंय."