तपकिरी गाडीचा पोवाडा कोण गाणार?

आमच्या महाराष्ट्र मंडळात कुठलाही कार्यक्रम असो, श्रीखंडाचा दुसरा हात फिरला की पुरुषमंडळींची गाडी एकाच स्टेशनावर थांबते: अमेरिकेत आल्यावर पहिली गाडी कुठली घेतलीस? आणि सगळ्यांनी मस्टँग, म्हणजे फोर्डची ती झोकदार स्पोर्टी गाडी, घेतलेली असते. ज्याने मिलवॉकीचे कडाक्याचे हिवाळे सोलापुरी चादर पांघरून काढले, भात आणि लोणच्यावर पीएचडी केली, त्याच्याकडेही म्हणे लाल मस्टँग होती. माझी पाळी येते. मी म्हणतो, "पेसर." एक क्षण शांतता. मग कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "असू दे रे. सुरुवातीला सगळ्यांचेच हाल होतात."

हाल कुठले? मी त्या गाडीवर प्रेम करत होतो!

तरुण वाचकांसाठी सांगतो. एएमसी म्हणजे अमेरिकन मोटर्स या कंपनीची पेसर ही गाडी १९७५ ते १९८० या काळात निघत होती. लांबीला आखूड, रुंदीला मात्र त्या काळच्या मोठ्या अमेरिकन गाड्यांच्या तोडीची, म्हणजे ७७ इंच. चहूबाजूंनी इतकी काच की लोक तिला 'उडतं मत्स्यालय' म्हणायचे. माझी तपकिरी होती. एका तेलुगू विद्यार्थ्याकडून घेतली, त्याने ती एका गुजराती विद्यार्थ्याकडून घेतली होती. पुढे मी ती एका तमिळ मुलाला दिली. राष्ट्रीय एकात्मतेवर इतकं काम क्वचितच कुठल्या गाडीने केलं असेल.

तिचं उजवं दार डाव्यापेक्षा चार इंच लांब होतं. अपघाताने नव्हे, मुद्दाम. मागे बसणाऱ्याला फुटपाथच्या बाजूने सहज चढता यावं म्हणून. चार इंचांनी काय होतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी नऊवारी नेसलेल्या आत्याबाईंना दोन दारांच्या गाडीत मागच्या सीटवर बसवून दाखवावं. माझी आई आली होती तेव्हा तिने नायगारा बघून "पाणी बरंच आहे" एवढंच म्हटलं होतं. या दाराला मात्र ती म्हणाली, "करणाऱ्याच्या घरात म्हातारं माणूस असणार." (यातल्या काही गाड्या ब्रिटनमध्ये गेल्या. तिथे स्टिअरिंग उजवीकडे नेलं, दारं तशीच ठेवली. म्हणजे ऐसपैस दार ड्रायव्हरला आणि आत्याबाई पुन्हा अडकल्या.)

इंजिनाची कथा तर आणखी करुण. ही गाडी आखली ती वँकेल नावाच्या छोट्या, गोल फिरणाऱ्या रोटरी इंजिनासाठी. ते जनरल मोटर्सकडून यायचं होतं. १९७३ च्या ऑक्टोबरात तेलाचे भाव भडकले, रोटरी पेट्रोल फार पिते असं सगळ्यांच्या लक्षात आलं आणि १९७४ मध्ये जनरल मोटर्सने तो बेतच गुंडाळला. मांडव घातलेला, पत्रिका वाटलेल्या आणि नवरदेव पळालेला. मग बोहल्यावर घरातलेच एक जाडजूड काका उभे केले: कंपनीचं जुनं, लांबलचक सहा सिलिंडरचं इंजिन. ते पुढे मावेना, म्हणून त्याचा मागचा भाग पार समोरच्या काचेखाली गेला. शेवटचा स्पार्क प्लग बदलायला मेकॅनिकला हातापेक्षा श्रद्धा जास्त लागायची.

बायकोला यातलं काहीही सांगायची सोय नाही. तिला मी एकदा एएमसीची वंशावळ सांगितली. १९३७ साली नॅश ही मोटार कंपनी आणि केल्व्हिनेटर ही फ्रिजची कंपनी एकत्र आली, मग १९५४ साली नॅश-केल्व्हिनेटर आणि हडसन यांची मिळून एएमसी झाली. ही म्हणाली, "केल्व्हिनेटर? आमच्या गिरगावच्या घरात होता. छान चालायचा." थोडा विचार करून पुढे म्हणाली, "मग अहो, फ्रिजवाल्यांची गाडी जुलैत इतकी कशी तापायची?"

माझं खरं दुखणं वेगळंच आहे. उन्हाळ्यात इथे रविवारी एखाद्या मॉलच्या पार्किंगमध्ये जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरतं. बॉनेट उघडी, मालक शेजारी घडीच्या खुर्चीत, तोंडावर नव्या बाळाच्या बापाचा अभिमान. ५७ सालची शेव्ही, ५९ ची पंखवाली कॅडिलॅक, मस्टँग, कॉर्व्हेट. बघणाऱ्याला वाटावं, त्या काळी अख्खी अमेरिका चेरीसारख्या लाल गाड्यांतून किराणा आणायला जात होती. अहो, मी होतो तिथे! सगळं तपकिरी होतं. उरलेलं पिवळट हिरवं होतं. मोठ्या स्टेशन वॅगनच्या अंगावर लाकूड म्हणून लाकडाचं चित्र असलेला कागद चिकटवलेला असायचा. फोर्ड पिंटो तीस लाखांच्या वर खपल्या, शेव्ही व्हेगा वीस लाखांच्या आसपास. व्हेगा तर मालगाडीच्या डब्यात नाकावर उभ्या करून पाठवायचे, एका डब्यात तीस; मुंबईच्या लोकलखेरीज कुणालाही जमलं नसतं. गेल्या कुठे त्या सगळ्या?

मिठात गेल्या. मिलवॉकी ज्यात आहे त्या विस्कॉन्सिन राज्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. मस्टँगला गॅरेज मिळायचं, पेसर बाहेर अंगणात. एक गाडी जपली गेली, दुसरीच्या तळाचा पत्रा लोणच्यासारखा मुरला. आता जी उरली तीच सगळ्यांची 'आमची पहिली गाडी' झाली आहे.

परवाच्या प्रदर्शनात मात्र कोपऱ्यात एक ग्रेम्लिन उभी होती. एएमसीचीच, पेसरची थोरली बहीण. हिचं पहिलं रेखाटन डिझायनर रिचर्ड टीग यांनी विमानात, उलटीच्या पिशवीवर काढलं होतं, आणि कंपनीने ती बाजारात आणली १ एप्रिल १९७० ला. इतका प्रामाणिकपणा हल्ली कुठे? वरून ही लिव्हाइस आवृत्ती: सीटना जीन्सचं कापड, तांब्याची बटणं. कापड खरं म्हणजे नायलॉन, कारण सुती डेनिम आगीच्या नियमात बसेना. जवळपास कुणी फिरकत नव्हतं. मी गेलो, "नायलॉन ना?" म्हटलं, आणि त्या म्हाताऱ्या मालकाचे डोळे भरून आले. त्याने मला दुसरी खुर्ची दिली. आम्ही बराच वेळ मिठाला शिव्या घातल्या. शेवटी तो हळूच म्हणाला, विकायचीय, आणि एक आकडा सांगितला.

मी मागे वळून बघितलं. बायको तांब्याचं बटण दोन बोटांत धरून निरखत होती. मला वाटलं, जमलं.

"अहो," ती मराठीत म्हणाली, "एवढ्यात डबल डोअर फ्रिज येतो. आणि तो अंगणात ठेवावा लागत नाही."