मी कोणाला ‘नाही’ सांगू?

जानेवारीतला रविवार, सकाळचे साडेसात. ओहायोत अजून उजाडायचं होतं आणि अंगणात घोटाभर बर्फ साचला होता. तिकडे महाराष्ट्रात संध्याकाळचे सहा. फोनवर माझी जुनी विद्यार्थिनी होती. पंचवीस वर्षांपूर्वी सांगलीत मी तिला संख्याशास्त्र शिकवलं. आता ती मराठवाड्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात विभागप्रमुख आहे, आणि दीड वर्षापासून प्रभारी प्राचार्यही. पूर्णवेळ पदाची मुलाखत लागली होती.

“सर, तुम्ही तिकडे डीनच्या मुलाखती दिल्यात ना? कामांचा प्राधान्यक्रम कसा ठरवाल, असं विचारलं तर काय सांगायचं?”

“दिली एकच,” मी म्हटलं, “आणि तीही याच प्रश्नावर घालवली.”

गोष्ट आठ वर्षांपूर्वीची. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. इथे डीनची (विद्याशाखेच्या प्रमुखाची) मुलाखत म्हणजे दोन दिवसांचं लग्नकार्य. न्याहारी विभागप्रमुखांबरोबर, जेवण विद्यार्थ्यांबरोबर, दुपारी सभागृहात येईल त्याच्या प्रश्नांना उत्तरं. निवड समितीकडे मात्र छापील प्रश्नपत्रिका असते. प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न, त्याच क्रमाने, समोर गुणांचा तक्ता. वेळेच्या प्रश्नाला मी चोख उत्तर दिलं. काम तातडीचं आहे की नाही आणि महत्त्वाचं आहे की नाही, यांचे चार चौकोन हवेत काढून दाखवले, वर अमेरिकेचे सेनापती आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या आयझेनहॉवरचा दाखलाही दिला.

समितीत कार्यालयातल्या एक बाई होत्या. बावीस वर्षं त्यांनी एकामागून एक डीनची कॅलेंडरं सांभाळलेली. त्या कागद बाजूला ठेवून म्हणाल्या, “चौकोन कळले. पण फोन मी उचलणार आहे. मी कोणाला ‘नाही’ सांगू?”

मी काहीतरी पुटपुटलो. पद दुसऱ्याला मिळालं, आणि योग्यच झालं.

त्या चौकोनांची गंमत मला नंतर कळली. आयझेनहॉवर १९५४ मध्ये इव्हॅन्स्टनला भाषणात म्हणाले होते की तातडीच्या गोष्टी महत्त्वाच्या नसतात आणि महत्त्वाच्या कधी तातडीच्या नसतात. पण हे वाक्य त्यांनी स्वतःच्या नावावर खपवलं नव्हतं. एका माजी कॉलेज अध्यक्षाचं म्हणून सांगितलं होतं. म्हणजे सेनापतीची शिस्त समजून आम्ही मुलाखतीत जे मिरवतो, तो मुळात आमच्याच धंद्यातल्या कुणाचा तरी सुस्कारा. आयझेनहॉवर स्वतः १९४८ ते १९५३ कोलंबिया विद्यापीठाचे अध्यक्ष होते, आणि त्यातली शेवटची दोनेक वर्षं नाटोच्या कामासाठी रजेवर. प्राधान्यक्रम म्हणतात तो असा.

पुढे मी अशा दोन समित्यांवर टेबलाच्या पलीकडे बसलो. चार चौकोन सगळेच काढतात, त्यामुळे त्याचे गुण कुणालाच मिळत नाहीत. लक्षात राहिल्या त्या एकच उमेदवार. त्यांनी सांगितलं, की विभागप्रमुखांच्या दर आठवड्याच्या स्वतंत्र भेटी त्यांनी बंद केल्या, त्या वेळात बढतीच्या फायली स्वतः वाचायला घेतल्या, दोन विभागप्रमुख रुसले आणि त्यातल्या एकाचं रुसणं रास्त होतं, म्हणून पुढच्या सत्रात त्याची भेट परत सुरू केली. काय सोडलं, कुणाला लागलं आणि कुठे चुकलं, हे तिन्ही त्या उत्तरात होतं. आम्ही त्यांनाच निवडलं.

पण इथलं सगळं असंच स्वच्छ चालतं, असं कुणी समजू नये. देणगीदाराचा फोन आला की इथला डीन काय वाटेल ते सोडून उठतो. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि मुलाखतीत कुणीही बोलत नाही. वरून येणारं सरकारी कामही आता आम्हाला नवीन राहिलेलं नाही. ओहायोत २०२५ मध्ये सिनेट बिल १ हा कायदा झाला. ज्या पदवी अभ्यासक्रमातून तीन वर्षांच्या सरासरीने वर्षाला पाचपेक्षा कमी विद्यार्थी बाहेर पडतात तो बंद करायचा, अध्यापकांच्या कामाच्या भाराचे नियम नव्याने लिहायचे, असं बरंच काही त्यात आहे. माझ्या ओळखीच्या एका डीनबाई म्हणाल्या, “यंदा मी डीन नाही, तक्ते भरणारी कारकून आहे.” मला हसू आलं, कारण हेच वाक्य मी महाराष्ट्रातल्या निदान चार प्राचार्यांच्या तोंडून ऐकलंय.

तर मी तिला म्हटलं, चौकोन विसर. गेल्या दीड वर्षात तू कोणाला ‘नाही’ म्हटलंस, ते सांग.

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “शिष्यवृत्तीचं सांगू?”

राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर विद्यार्थी शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो, महाविद्यालयाचा कारकून तो तपासतो आणि मग तो प्राचार्यांच्या लॉगिनला जातो. तिच्याकडचा तो कारकून निवृत्त झाला, जागा भरली नाही, आणि अर्जांचा ढीग साचला. त्याच महिन्यात नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करून श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या तपासणीची, तयारी चालू होती. सातही निकषांच्या फायली लावायच्या, भिंती रंगवायच्या, फलक बदलायचे. संस्थेच्या सचिवांनी रोज दुपारी चारला आढावा बैठक लावली. ही सलग सहा दिवस बैठकीला गेली नाही. स्वतः बसून कारकुनाच्या आणि प्राचार्याच्या अशा दोन्ही पायऱ्यांवरचे अर्ज तपासून पुढे पाठवले. ऊसतोड कामगारांची पोरं होती त्यात, आईबाप कारखान्याच्या फडावर, विचारायला येणार कोण?

“हेच सांग,” मी म्हटलं. “याहून चांगलं उत्तर मी इथेही ऐकलेलं नाही.”

“सर, सचिव त्याच समितीत बसणार आहेत.”

इथे माझं सगळं परदेशी शहाणपण संपलं. आमच्याकडे उमेदवार बहुतेक वेळा दुसऱ्या विद्यापीठातून आलेला असतो. त्याने ज्याला ‘नाही’ म्हटलं तो माणूस हजार मैलांवर राहिलेला असतो, म्हणून प्रामाणिकपणा परवडतो. तिच्यासमोर कुलगुरूंचे प्रतिनिधी आणि विषयतज्ज्ञ असतील, पण मधल्या खुर्च्यांवर संस्थेचीच माणसं. ज्याला नकार दिला तोच गुण देणार.

म्हणून प्राचार्यांना वेळ का पुरत नाही, या गावाकडच्या वादात दोन्ही बाजूंशी माझं फारसं जमत नाही. एक गट म्हणतो, प्राचार्यांना वेळेच्या व्यवस्थापनाचं प्रशिक्षण द्या, अमेरिकेतल्या डीनसारखं काम करायला शिकवा. अहो, अमेरिकेतल्या डीनकडे दोन-तीन सहयोगी डीन असतात, हिशेबाला स्वतंत्र माणूस असतो आणि फोन उचलायला त्या बाई असतात. माझी विद्यार्थिनी सेवार्थ या सरकारी पगारप्रणालीवर पगारबिलं बघते, बिंदुनामावली (आरक्षित पदांचा तक्ता) घेऊन हेलपाटे घालते, आणि व्हॉट्सॲपवर दुपारी तीनला आलेल्या ‘आज सायंकाळी ५ पर्यंत माहिती सादर करावी’ या पत्राला उत्तर देते. तिला कसलं व्यवस्थापन शिकवणार? आधी कारकून द्या.

दुसरा गट जुने दाखले काढतो. रँग्लर परांजपे १९०२ मध्ये सव्विसाव्या वर्षी फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, कारभार बघून गणितही शिकवत राहिले. आताच्यांना काय धाड भरली? परांजप्यांबद्दल मला आदर आहे. पण त्यांना लॉगिन नव्हतं.

विद्यापीठातल्या अधिष्ठात्यांबद्दलचा, म्हणजे तिकडच्या डीनबद्दलचा, वाद थोडा वेगळा. महाराष्ट्राच्या १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात ते विद्याशाखेतून निवडून येत. २०१६ च्या कायद्याने चार विद्याशाखा केल्या आणि अधिष्ठाते निवड समितीमार्फत पूर्णवेळ नेमले जाऊ लागले. निवडणुकीबरोबर पॅनेलं आणि जेवणावळी गेल्या, हे चांगलंच. पण निवडून आलेल्याला मत देणाऱ्या प्राध्यापकाचा फोन घ्यावा लागे, नेमलेल्याला वरचा घ्यावा लागतो. कॅलेंडरवर कुणाचं नाव आधी चढतं, ते इथेच ठरून जातं. प्रशिक्षणाच्या कार्यशाळेत ते बदलत नाही.

शेवटी आम्ही दोघांनी मिळून उत्तर बेतलं. सचिवांचं नाव न घेता, बैठकीचा उल्लेख न करता, फक्त अर्ज आणि मुलं. खरं सांगायचं तर मला ते आवडलं नाही. उत्तरातला कणा काढून ठेवल्यासारखं वाटलं. पण नोकरी तिची होती, माझी नव्हती, आणि दहा हजार किलोमीटरहून लांब बसून दुसऱ्याला बाणेदार व्हायला सांगणं फार सोपं असतं.

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला.

“झाली मुलाखत. बारा मिनिटं.”

“वेळेचं विचारलं?”

“नाही हो सर. नॅकची श्रेणी कशी वाढवाल, एवढंच विचारलं. आणि सचिव म्हणाले, मॅडम बैठकांना नियमित येतील ना?”

“मग तू काय म्हणालीस?”

“थांबा सर, ओटीपी आलाय. दोन मिनिटांत संपतो. नंतर करते,” असं म्हणून तिने फोन ठेवला.