टीव्ही बघायचाय की यान सोडायचंय?

"याचा लोकल ऑसिलेटर किती?" एवढंच मी डिशच्या दुकानात, एलएनबीकडे बोट दाखवून विचारलं होतं. काउंटरपलीकडच्या माणसाने आधी माझ्याकडे, मग माझ्या मागच्या रांगेकडे पाहिलं आणि शेवटच्या गिऱ्हाइकालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "साहेब, टीव्ही बघायचाय की यान सोडायचंय?" रांग खदखदली. मीही हसलो, चारचौघांत दुसरं काय करणार? पण प्रश्न रास्त होता, आणि अजूनही रास्तच आहे.

एलएनबी म्हणजे डिशच्या तोंडासमोरचा डबा: उपग्रहाचा सिग्नल झेलतो आणि त्याची फ्रिक्वेन्सी केबलला झेपेल इतकी खाली आणतो. किती खाली, ते त्याच्या आतला लोकल ऑसिलेटर ठरवतो. फुकट वाहिन्यांसाठी एलएनबी घ्यायचा तर सुरुवात उपग्रहापासून करावी लागते: बँड (फ्रिक्वेन्सीचा पट्टा) कोणता, पोलरायझेशन (लहरी उभ्या डोलतात, आडव्या की गोल फिरतात) कोणतं. सी बँड साधारण 3.4 ते 4.2 गिगाहर्ट्झ, त्याचा ऑसिलेटर 5150 मेगाहर्ट्झ. केयू बँडचा युनिव्हर्सल एलएनबी 10.7 ते 12.75 झेलतो, त्यासाठी त्याच्या पोटात दोन ऑसिलेटर: 9750 आणि 10600. रिसीव्हरने 22 किलोहर्ट्झचा टोन पाठवला की वरचा बँड, नाही पाठवला की खालचा. 13 व्होल्टला उभं पोलरायझेशन, 18 ला आडवं. बाकी काम निव्वळ वजाबाकीचं: उपग्रहाच्या फ्रिक्वेन्सीतून ऑसिलेटरचा आकडा वजा. 11470 मधून 9750 गेले, केबलमध्ये 1720 उतरले. रिसीव्हरच्या मेनूत कोणी 10750 भरून ठेवलं असेल तर उत्तर येतं 720, आणि ट्यूनर 950 ते 2150 च्या बाहेर ढुंकून बघत नाही. पडद्यावर 'सिग्नल नाही'. मग माणूस गच्चीवर जातो आणि बरोबर लागलेली डिश हलवून बिघडवतो.

हे सगळं मी काउंटरवर सांगणार होतो. तेवढ्यात रांगेतले एक गृहस्थ मदतीला धावले. अशा वेळी एक गृहस्थ धावतातच.

"वजन बघा," ते म्हणाले. एक एलएनबी उचलून त्यांनी तळहातावर तोलला, बोटाने टकटक केली आणि कलिंगड निवडावं तसा कानाशी धरला. "हा न्या. भरीव लागतोय."

"काका, आत काय आहे ते..."

"आत काय असणार? हवा! पण भरीव हवा." आणि खोक्यावरच्या आकड्यावर बोट ठेवून, "हे बघा, पॉइंट वन. पॉइंट टूवाल्याच्या दुप्पट खेचणार."

खेचत नाही हो. हा आकडा म्हणजे एलएनबीचा स्वतःचा गोंगाट, डेसिबलमध्ये (डीबी) किंवा तापमानाच्या केल्विनमध्ये मोजलेला. 0.1 डीबी म्हणजे साधारण 7 केल्विन, 0.2 म्हणजे 14. आकाश आणि तापलेली जमीन मिळून डिशमध्ये त्याहून कितीतरी जास्त ओततात. शिवाय खोक्यावर 0.1 छापायला शाई पुरते, मोजयंत्र लागत नाही. सी बँडवाले निदान थेट केल्विनमध्ये लिहितात, 15 के, 17 के. थापच मारायची तर जरा वजनदार एककात.

"आणि सोन्याचा मुलामा," काका पुढे, "रंग उजळ येतात."

डिजिटल चित्र एक तर येतं, नाहीतर चौकटी चौकटी होऊन विझतं. सोन्याने ते पिवळंसुद्धा पडत नाही. पण काका तोवर चौथ्या मुद्द्यावर पोचले होते: टीव्ही किती? चार? मग चार भोकांचा घ्या.

इथे मात्र मी खरंच चिडलो, कारण काउंटरवालाही मान डोलवत होता. चार भोकं क्वाडला असतात आणि क्वाट्रोलाही. क्वाडचं प्रत्येक भोक स्वतंत्र, त्याला थेट रिसीव्हर जोडायचा. क्वाट्रोच्या चार भोकांतून चार पक्के तुकडे निघतात: उभं-खालचं, उभं-वरचं, आडवं-खालचं, आडवं-वरचं. त्याला मल्टिस्विच, म्हणजे प्रत्येक रिसीव्हरला हवा तो तुकडा जोडून देणारा डबा, हवाच. थेट टीव्हीला जोडला तर प्रत्येक खोलीत एकेक चतुर्थांश उपग्रह. बैठकीत बातम्या, स्वयंपाकघरात भजनं, आणि घरभर भांडणं.

डिशचं तर कोणी विचारतच नाही. ऑफसेट डिशचा (जिचा फोकस मधोमध नसून एका बाजूला असतो) एफ-बाय-डी, म्हणजे फोकसचं अंतर भागिले डिशचा व्यास, 0.6 च्या आसपास, तिला गळ्यातच हॉर्न (सिग्नल गोळा करणारं नरसाळं) असलेला, 40 मिलिमीटरच्या क्लॅम्पमध्ये बसणारा एलएनबी चालतो. खोल, मधोमध फोकस असलेल्या डिशचा 0.35 ते 0.4. तिला हाच लावला तर तो मधलाच भाग बघतो, कडा फुकट जातात. मोठी डिश घेऊन छोटीचं काम. वर्तुळाकार पोलरायझेशनवर सरळ रेषेचा एलएनबी लावला तर 3 डीबी, म्हणजे निम्मा सिग्नल, गेलाच. आणि तिथे म्हणे भरीव हवा.

दुपारी उन्हात वाहिनी गायब आणि रात्री हजर, असं होत असेल तर डिशवर राग काढू नका. जुन्या डीआरओ एलएनबीचा ऑसिलेटर (स्फटिकाला न बांधलेला, मोकळा) तापला की सरकतो, कधी मेगाहर्ट्झभर, कधी जास्त. 27500 सिम्बॉल रेटच्या (हा आकडा जितका मोठा तितका सिग्नल रुंद) रुंद कॅरियरला त्याचं काही वाटत नाही, पण 2000-3000 वाली चिंचोळी वाहिनी हातातून निसटते. तिथे पीएलएल जातीचा एलएनबी घ्यावा. स्फटिकाला बांधलेला असल्याने तो फारसा हलत नाही. काउंटरवर पीएलएल म्हटल्यावर पुन्हा यानाचा विषय निघेल, तेवढी तयारी ठेवा.

खोक्यांवर एचडी, फोरके, थ्रीडी सगळं ठळक असतं. एलएनबीला एचडी कळत नाही, त्याला फक्त फ्रिक्वेन्सी कळते. पण ऑसिलेटरचा आकडा बहुतेक वेळा आत, एलएनबीच्या अंगावरच्या चिकटपट्टीवर मुंगीएवढ्या अक्षरांत. आणि काउंटरवर पाटी: सील उघडल्यास माल परत घेतला जाणार नाही. म्हणून खोक्यावरचा मॉडेल नंबर फोनमध्ये टिपा, बाहेर येऊन कंपनीची डेटाशीट उघडा, त्यात 'एल.ओ.' ची, म्हणजे लोकल ऑसिलेटरची, ओळ शोधा आणि मग परत रांगेत उभे राहा. काका गेलेले असले तर बरं.