पाच एजंट सोडा आणि भरीत खायला जा

एका कोडबेसवर (म्हणजे एका सॉफ्टवेअरच्या सगळ्या कोडवर) एकच एआय एजंट, म्हणजे स्वतःच कोड लिहिणारा प्रोग्राम, चालवणं हल्ली कमीपणाचं मानतात. म्हणून तुम्ही पाच चालवा. पाचच का, असं कोणी विचारलं तर हसून सोडून द्या. कामाचे तुकडे किती पडतात यावर एजंटांची संख्या ठरत नसते. स्क्रीनवर काळ्या खिडक्या किती मावतात यावर ठरते. खिडक्या नीट मांडा, फोटो काढा, स्टेटसला टाका. पुण्याच्या मित्रांना कळलं पाहिजे की जळगावातही असं चालतं.

पाचही जणांना एकाच फोल्डरमध्ये सोडायचं, हे पहिलं पथ्य. गिटमध्ये, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या प्रणालीत, वर्कट्रीची सोय २०१५ पासून आहे, आवृत्ती २.५ मध्ये आली. रिपॉझिटरी (कोडचा साठा) एकच, पण प्रत्येक ब्रांचला (कामाच्या वेगळ्या फांदीला) स्वतंत्र फोल्डर, कोणी कोणाच्या पायात येत नाही. एका ओळीची कमांड आहे. एवढं सोपं आहे म्हटल्यावर त्यात प्रतिष्ठा कसली? एकाच फोल्डरची गंमत बघा. पहिला एजंट फाईल अर्धी लिहून पुढच्या फाईलकडे वळलेला असतो, तेवढ्यात दुसरा बिल्ड चालवतो, म्हणजे सगळा कोड जोडून बघतो, आणि ते तुटतं. दुसरा फार कष्टाळू. ही मोडतोड आपली नाही हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून तो ती 'दुरुस्त' करतो, म्हणजे पहिल्याचे बदल पुसून फाईल होती तशी करून टाकतो. पहिला परत येतो, बघतो तर काहीच नाही, पुन्हा लिहायला बसतो. थोड्या वेळाने दोघंही हिरवी खूण करून कळवतात की काम यशस्वीरीत्या पूर्ण झालं. टोकन, म्हणजे ज्या शब्द-तुकड्यांवर एआयचं बिल लागतं ते, मात्र दोघांचे मोजले जातात.

डेटाबेस एकच ठेवा. पोर्टही (सर्व्हरचा दार-क्रमांक) ३००० च. ज्याला मिळणार नाही तो दुसऱ्याचा सर्व्हर मारून घेईल.

दोन मायग्रेशनला (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या क्रमांकित फाईलींना) एकच क्रमांक पडला तर त्याला योगायोग म्हणा.

काम वाटताना सीमा आखू नका. एकाला सांगा 'बिलिंग नीट कर', दुसऱ्याला 'स्टॉकचा रिपोर्ट जुळव', तिसऱ्याला 'इनव्हॉइस सुधार'. कुठल्या फाईलला हात लावायचा, कुठल्या नाही, कोणी काय आधी संपवायचं, हे लिहून देणं म्हणजे एजंटांच्या बुद्धीचा अपमान. शिवाय तेवढं लिहायचं तर आधी विचार करावा लागतो.

आता खंडीचं सांगतो. हे नीट ऐका, कारण हे मी दिवाळीच्या तोंडावर, ऐन हंगामात भोगलं आहे. आमचं सॉफ्टवेअर जिनिंगवाल्यांसाठी, म्हणजे कापसातून सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्यांसाठी आहे. खानदेशात जन्मलेल्या माणसाला सांगायला नको, पण एजंट खानदेशात जन्मलेला नसतो. कापूस घ्यायचा क्विंटलवर, रुईची गाठ १७० किलोची, आणि रुईचा भाव खंडीवर. ती खंडी ३५६ किलोची. दुसऱ्या एजंटाने स्टॉकच्या रिपोर्टात ती बरोबर ३५६ धरली. तिसऱ्याला दुसऱ्याने काय लिहिलं ते कोणी सांगितलेलं नव्हतं, म्हणून त्याने बिलासाठी आपलं वेगळं फंक्शन लिहिलं. कुठल्यातरी धान्याच्या मापावरून त्याने खंडी म्हणजे २० मण, मण ४० किलोचा, म्हणजे ८०० किलो असा हिशोब केला. तोही चूक म्हणता येत नाही, अशीही खंडी असते! दोघांनी आपापल्या टेस्ट (कोड तपासणाऱ्या चाचण्या) आपणच लिहिल्या, आपापल्या पास केल्या. फाईली वेगळ्या, त्यामुळे मर्जला, म्हणजे दोघांचे बदल एकत्र करताना, एकही कॉन्फ्लिक्ट (टक्कर) नाही. गिट ओळी ताडून बघतं, अर्थ बघत नाही. सगळं हिरवंगार.

आणि मग १०० गाठींचं बिल निघालं. १७,००० किलो रुई. स्टॉकमध्ये ४७.७५ खंडी, बिलात २१.२५. जिनिंगच्या मालकांचा रात्री फोन: "भो, मनी अर्धी रुई कोठे गई?" त्यांना काय सांगणार, तुमची रुई दोन एजंटांच्या मध्ये पडली म्हणून? पण थांबा, अजून संपलं नाही. पाच एजंट सोडायचा हट्ट ज्यांचा, त्या आमच्या दादांनी मला विचारायच्या आधीच चौथ्या एजंटाला सांगितलं की रिपोर्ट आणि बिल यात फरक दिसतोय, तो जुळव. त्याने जुळवला! 'वजन-घट' नावाचं नवं खातं उघडलं आणि २६.५ खंडी त्यात टाकून दिली. साडेनऊ हजार किलोच्या आसपास रुई हवेत! ओल उडून घट येते हे मान्य, पण गोडाऊनच उडून जातं का? आणि त्या कमिटचा (नोंदवलेल्या बदलाचा) संदेश काय, तर 'हिशोबातील विसंगती दूर केली'. दूरच केली म्हणा, इतकी दूर की शोधायला माझी रात्र गेली. दादा त्या वेळी वरणगावकडे शेतात भरताच्या पार्टीला होते. तिथून मेसेज आला, मर्ज झालं का.

असो. पुढचा सल्ला.

टेस्ट तुटत असतील तर 'टेस्ट पास झाल्याच पाहिजेत' एवढंच सांगा. टेस्टच काढून टाकल्या तरी त्या तुटत नाहीत, हे एजंटाला तुमच्याआधी सुचतं.

रिव्ह्यू सहाव्या एजंटाकडून करून घ्या. माणसाने वाचणं कंटाळवाणं असतं, आणि पाच जणांचं लिहिलेलं एकाने वाचायचं म्हणजे वेग कुठे उरला? संगणकतज्ज्ञ जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्येच हे गणित मांडून ठेवलंय, त्याच्याकडे दुर्लक्ष करा. कामाचा अर्धा भाग एकामागून एकच होणारा असेल, तर उरलेल्या अर्ध्यावर हजार जण लावले तरी एकूण वेग दुपटीच्या वर जात नाही. आमच्याकडे तो अर्धा भाग म्हणजे मी. दुसरे संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स १९७५ मध्ये सांगून गेले की उशीर झालेल्या प्रकल्पावर माणसं वाढवली तर आणखी उशीर होतो, कारण एकमेकांशी बोलण्याच्या वाटा वाढतात, पाच जणांत दहा. एजंटांनी हा प्रश्न सोडवला, ते एकमेकांशी बोलतच नाहीत. त्या दहाही वाटा माझ्या टेबलावर येऊन संपतात.

खर्चाचं मनावर घेऊ नका. अँथ्रॉपिक या एआय कंपनीने २०२५ मध्ये स्वतःच लिहिलं की त्यांच्या अनेक एजंटांच्या संशोधन-व्यवस्थेला साध्या चॅटच्या सुमारे १५ पट टोकन लागतात, आणि कोडिंगची बहुतेक कामं संशोधनाइतकी समांतर वाटता येत नाहीत. विकणारा सांगतोय, तरी तुम्ही ऐकू नका. विकत घेणाऱ्याला जास्त कळतं.

बस झालं. दादा, हे तुम्ही वाचताय हे मला माहीत आहे, म्हणून आता सरळ लिहितो. पाच पोरं कामाला ठेवली असती तर सकाळी उभं राहून सांगितलं असतं ना, तू हे कर, तू त्याला हात लावू नको? मग इथं काय झालं? एजंट वाईट नाहीत, मी रोज वापरतो. एकाला एक मोड्यूल द्या, त्याचं फोल्डर वेगळं, डेटाबेस वेगळा. टेबलं आणि एककं आधी एका माणसाने ठरवायची, लिहायची, मग ब्रांच फुटतील. मायग्रेशन एकाच्याच हातात. मर्ज एकेक करून, प्रत्येकानंतर सगळ्या टेस्ट पुन्हा, आणि त्या टेस्टमधली अपेक्षित उत्तरं जिनिंगच्या जुन्या कागदी बिलांवरून, एजंटाच्या डोक्यातून नाही. दिवसभरात जेवढं वाचून होईल तेवढेच चालवा. दोन होत असतील तर दोन. तुम्हाला वाचायचं नाही, ठरवायचं नाही, फक्त सोडायचं आहे, आणि रात्री शिव्या खायला मी आहे. हे मी करणार नाही.

आणि ते 'वजन-घट' खातं मास्टरमध्ये (मुख्य ब्रांचमध्ये) अजून तसंच आहे. महिनाअखेरीला जिनिंगवाल्यांच्या सीएकडे जायच्या आत ते तुम्ही स्वतः काढा. हाताने. एजंटाला सांगू नका.