‘टॉप टेन’मधून गाळलेले दोन रकाने

हिवाळा लागला की व्हॉट्सॲपवर एक यादी फिरायला लागते: ‘देशातली आजची सर्वात प्रदूषित दहा शहरं’. खाली तिखटमीठ लावलेला मजकूर. महाराष्ट्रातलं एकही शहर यात नाही, मुंबईला समुद्राने तारलंय, एक्यूआय (हवेच्या दर्जाचा निर्देशांक) दीडशे म्हणजे ‘मध्यम’ तेव्हा काळजी नको, जास्त आकडे दाखवणारी परदेशी ॲप देशाची बदनामी करतात, आणि सरकारी सर्वेक्षणात तर आपलं अमरावती पहिलं आलंय. यातला अमरावतीचा मुद्दा खरा आहे. तरी त्यावरून काढलेला ‘आपली हवा चांगली’ हा निष्कर्ष चुकलाय.

आधी यादीचं बघू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ रोज दुपारी चारपर्यंतच्या २४ तासांच्या सरासरीवरून बुलेटिन काढतं. त्यात शहरं इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने येतात, प्रदूषणानुसार कुणालाही क्रमांक दिलेला नसतो. रकाने असतात शहर, वर्गवारी, निर्देशांक, मुख्य प्रदूषक आणि किती केंद्रांवरून मोजलं ते. फॉरवर्ड बनवणारा पहिले तीन ठेवतो, उतरत्या क्रमाने लावतो आणि शेवटचे दोन उडवतो. तुलनेला नेमके तेच दोन लागतात.

केंद्रांचा रकाना घ्या. दिल्लीचा आकडा चाळीसच्या आसपास केंद्रांची सरासरी असतो. त्यात आनंद विहारचं बस टर्मिनस आलं, तसा झाडीतला लोधी रोडही आला. बऱ्याच लहान शहरांत केंद्र एकच. आयक्यूएअर या स्विस कंपनीच्या २०२४ च्या अहवालात जगात पहिलं आलं ते आसाम-मेघालय सीमेवरचं बर्नीहाट, कारखान्यांच्या गराड्यातलं छोटं गाव. तिथली हवा वाईट आहे यात वाद नाही. पण एका गावातल्या एका उपकरणाची अख्ख्या महानगराच्या सरासरीशी शर्यत लावून काय कळणार? आणि जिथे केंद्रच नाही ते गाव यादीत येणारच नाही. २०११ च्या जनगणनेत देशात ७,९३५ शहरं मोजली गेली. बुलेटिनमध्ये त्यांतली अडीचशेच्या आसपास दिसतात.

दुसरा रकाना प्रदूषकाचा. एक्यूआय ही सगळ्या प्रदूषकांची सरासरी असते असा बहुतेकांचा समज आहे. आठ प्रदूषकांपैकी ज्यांची मोजणी झाली असेल त्यांचे वेगवेगळे उपनिर्देशांक काढतात आणि सर्वात मोठा तोच शहराचा आकडा ठरतो. घनमीटरमागे २५० मायक्रोग्रॅम पीएम १० (१० मायक्रॉनपर्यंतचे कण) असेल तर निर्देशांक २००. फक्त ९० मायक्रोग्रॅम पीएम २.५ (त्यातले २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) असेल तरीही २००. म्हणजे मे महिन्यात वाळवंटातून उठलेली धूळ आणि डिसेंबरातला धूर यादीत एकाच पायरीवर बसतात. फुप्फुसात खोलवर जाणारे बारीक कण कुठे जास्त, हे त्या २०० वरून कळत नाही.

‘मध्यम’ची गोष्टही इथलीच. मुख्य प्रदूषक पीएम २.५ असेल तर दीडशे म्हणजे ७५ मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासूनची २४ तासांची मर्यादा १५ आहे, म्हणजे हे पाचपट झालं. मंडळाचा स्वतःचा तक्ताच सांगतो की या पट्ट्यात दमेकरी, हृदयरोगी, मुलं आणि वृद्धांना त्रास होऊ शकतो.

परदेशी ॲपवाला आरोप मात्र मजेशीर आहे. ६० मायक्रोग्रॅम पीएम २.५ ला आपलं सूत्र १०० देतं, अमेरिकेचं दीडशेच्या पुढे. इथे आरोप खरा वाटतो. पण १२० घ्या: आपल्याकडे ३००, अमेरिकी सूत्राने दोनशेच्या आत! बदनामीच करायची असती तर इथे कमी दाखवून काय साधलं? टोकाला पुन्हा उलटं होतं, कारण आपला सरकारी आकडा ५०० वर थांबतो आणि काही ॲप तिथे थांबत नाहीत. १८ नोव्हेंबर २०२४ ला दिल्लीचं बुलेटिन ४९४ म्हणत होतं, तेव्हा दीड हजाराचे स्क्रीनशॉट फिरत होते. त्यात स्वस्त लेझर सेन्सरची भर: दमट हवेत कण फुगतात आणि आकडाही फुगतो. एका फोनवरचा आकडा दुसऱ्या फोनवरच्या आकड्याशी भांडवण्यात अर्थ नाही.

मुंबईचा समुद्र? खारा वारा घाण वाहून नेतो हे खरं, पण हिवाळ्यात तो मंदावतो आणि रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेला बांधकामांसाठी नियमावली काढावी लागली आणि त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने बिघडलेल्या हवेची स्वतःहून दखल घेतली. राहिला महाराष्ट्र. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात राज्यातली १९ शहरं आहेत. त्यांतली बहुतेक सलग पाच वर्षं राष्ट्रीय मानकात बसली नाहीत म्हणून तिथे आहेत. डिसेंबरातल्या एका दिवशी उत्तर भारत वर चढला की ती यादीतून खाली सरकतात, एवढंच.

आता अमरावती. स्वच्छ वायू सर्वेक्षणात तीन ते दहा लाख लोकसंख्येच्या गटात २०२३ आणि २०२५ ला ती पहिली आली, आणि महापालिकेचं कौतुक व्हायलाच हवं. मात्र हे गुण प्रामुख्याने उपायांना असतात: रस्त्यावरची धूळ, कचरा जाळणं, बांधकामाचा राडारोडा, वाहनं, कारखाने यांसाठी काय केलं ते. पीएम १० किती घटलं याला गुण अगदी थोडे आणि पीएम २.५ हिशेबातच नाही. या क्रमांकावरून अमरावतीची हवा अमुक शहरापेक्षा स्वच्छ असं म्हणता येत नाही. तिथल्या महापालिकेने कागदावर आणि रस्त्यावर जास्त काम दाखवलं, इतकंच म्हणता येतं. हवेची तुलना करायची तर दोन्ही शहरांची त्याच वर्षाची पीएम २.५ ची वार्षिक सरासरी मायक्रोग्रॅममध्ये मागा, आणि ती किती केंद्रांवरून व वर्षातल्या किती दिवसांच्या नोंदींवरून काढली तेही विचारा.