एकच औषध, दोन नावं आणि आमची आई

यंदाची चवथ मी निम्मी सरकारी दवाखान्याच्या बाकड्यावर काढली, आणि कशामुळे तर घरातल्या गोळ्यांची साधी बेरीज कोणालाच जमली नाही म्हणून. कोणालाच म्हणजे मीपण त्यात आलो, पण आज मी स्वतःला शिव्या द्यायला बसलेलो नाही, इतरांचा नंबर आधी.

झालं काय, आम्ही गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधत होतो आणि आई विळीवर नारळ खवत बसलेली. उठली आणि तशीच भिंतीला धरून परत खाली बसली, चेहरा पांढराफटक. रिक्षात घालून नेली तर बीपी 88/50. मंडळी, ही बाई बीपी जास्त म्हणून गोळ्या घेते!! तिथल्या तरण्या डॉक्टर पोरीने पहिलं काम काय केलं तर आईची गोळ्यांची पिशवी टेबलावर उपडी केली आणि एकेक पान उलटं करून बारीक अक्षरं वाचली. चार वर्षात हे कोणी केलं नव्हतं ओ, कोणीच नाही.

तर सकाळची गोळी जुन्या डॉक्टरची, अम्लोडिपिन 5, म्हणजे बीपी उतरवणारं औषध, 5 मिलिग्रॅम. रात्रीची दुसऱ्या डॉक्टरची, जोडगोळी, टेल्मिसार्टन 40 (हेपण बीपीचंच) आणि त्यातच अम्लोडिपिन 5. नावं दोन, रंग दोन, आत औषध तेच. म्हणजे अम्लोडिपिनचे रोजचे 10 मिलिग्रॅम झाले, आणि त्या औषधाची दिवसाची मर्यादाच 10, वय झालेल्या बारीक माणसाला तर सुरुवातच 2.5 ने करतात. आमची आई 70 वर्षांची, वजन 44 किलो. वर ती डॉक्टर विचारते जादा कधी घेता का, तर आई एकदम शांतपणे, "डोक्या जड वाटला म्हणान दोन घेतंय कधीकधी, त्येका काय होता?" त्येका काय होता!! मला तिथेच बसायला खुर्ची द्यावी लागली.

आणि गंमत बघा, ती गोळी क्रोसिनसारखी लगेच काम करणारी नाहीच. गिळल्यावर जोर चढायलाच 6 ते 12 तास लागतात, अर्धी उतरायला दीड-दोन दिवस, म्हणजे आज दोन घेतल्या तर त्या उद्यापरवाच्या गोळीवर जाऊन बसणार. डोकं हलकं वाटलं ते मनाचं समाधान, आणि थर मात्र चढत गेला.

आता पायांचं ऐका. घोट्यावर सूज आली होती मे महिन्यापासून, बोट दाबलं की खड्डा. शेजारची काकू म्हणाली किडनी गेली. दुसऱ्या डॉक्टरने पाण्याची गोळी, म्हणजे लघवीवाटे अंगातलं पाणी काढणारी, लिहून दिली. अरे पण अम्लोडिपिन जास्त झालं की घोटे सुजतात हे त्या औषधाचं सगळ्यांना ठाऊक असलेलं दुखणं आहे ना! म्हणजे एका गोळीने सूज आणली, ती उतरवायला दुसरी, आणि दोघींनी मिळून बीपी आणखी खाली. वा.

मेडिकलवाल्यावर तर माझा खास राग आहे. पाच गोळ्या मागितल्या की हा कात्रीने पान कापणार, नाव एका तुकड्यावर, तारीख दुसऱ्या तुकड्यावर, आणि आपल्या हातात येतं ते नुसतं चंदेरी कागदातलं "...पिन". चिठ्ठी? छे, "तीच ना मावशी, बीपीची पिवळी?" पाकिटावर लाल चौकटीत छापलेलं असतं की चिठ्ठीशिवाय विकू नका, ते बहुतेक शोभेला असतं. आणि डॉक्टर लोकांनो, 2016 साली तुमच्याच मेडिकल कौन्सिलने सांगितलंय की औषधाचं मूळ नाव वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटलमध्ये लिहा. आईच्या चिठ्ठीवर मुंगी शाईत पडून चालत गेल्यासारखं लिहिलंय, मी बीएस्सी आहे, मला फक्त तारीख वाचता आली.

हो, दोन डॉक्टर केले ही आमची चूक. पण "आधीचं काय चालू आहे?" हा प्रश्न विचारायला किती सेकंद लागतात?

तीन दिवसांनी घरी आणली. आता एकच गोळी, सकाळी, वहीत लिहून. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन येतोय, त्यांना कोण समजावणार की टेल्मिसार्टनवर असलेल्या माणसाचं पोटॅशियम आधीच चढू शकतं आणि शहाळ्यात ते भरपूर असतं, मीच पितोय सगळी. जेवताना खारा बांगडा मागते म्हणून रोज भांडण आहे ते वेगळंच.

काल मावशीचा फोन, मी सांगितलं जुनी पानं काढून टाकली. तर पलीकडून, "अरे, त्यो गोळ्यो टाकू नको हां, माझापण डोक्या हल्ली जड होता."